उलटी आकडी

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही वही प्रांजलने माझ्या गळ्यात मारली. कळंबची पोर, मंचरला कॉलेजात मराठी शिकते. शिक्के, खुणा, तावीज असल्या गोष्टींचे शब्द कुठून आले यावर तिला चाळीस पानं लिहायची आहेत. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. दुकानात येऊन म्हणते, "वलीचाचा, जुन्नरमध्ये हातानं ठसे कोरणारे तुम्ही शेवटचे. जुना शब्द आठवला की यात लिहून ठेवा."

शेवटचे म्हणे! मी म्हटलं, "अगं, जिवंत आहे मी अजून. आत्ताच फातेहा पढू नकोस."

हसली. पोर गुणी आहे, पण घाईची.

मी ठरवलंय, उजवी पानं तिची, डावी माझी. डावी तिला दाखवायची नाहीत. डाव्या पानावर आजचं लिहायचं तर, दिवसभरात एक गिऱ्हाईक. 'खरी नक्कल' असा शिक्का हवा होता. संगणकावर अक्षरं मांडली, मशिनीनं रबर कापलं, वीस मिनिटांत माणूस बाहेर. अब्बांना एका शिक्क्याला अडीच दिवस लागायचे आणि गिऱ्हाईक मधल्या वेळात दोनदा चहा प्यायला यायचं, कोरणं बघत बसायचं. आता बघण्यासारखं काही राहिलंच नाही. मशीन झाकणाच्या आत काम करते.

९ जानेवारी, गुरुवार

शब्द लिहिले. शिक्का हा मूळचा अरबांचा. नाणं पाडायचा जो साचा असतो, तो सिक्का. मोहर फारसी. मुद्रा संस्कृत, पण त्याच्याही मागे तो कुठून आला यावर पंडितांचं एकमत नाही, असं प्रांजल म्हणते. मोर्तब म्हणजे नीट लावून पुरं केलेलं. पत्र संपलं, आता याखाली कुणी काही घुसडू नये, म्हणून शेवटी मारायचा बारका शिक्का. ठसा कुठून आला मला ठाऊक नाही. अब्बा म्हणायचे, लाकूड कागदावर बसताना आवाज करतं तोच शब्द झाला. खरं-खोटं अल्लाला माहीत.

सही हा शब्द मला सगळ्यात आवडला. सही म्हणजे बरोबर. कागदाखाली सही करणारा माणूस आपलं नाव लिहीत नसतो, तो म्हणत असतो, वरचं सगळं बरोबर आहे. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, हजारो सह्यांचे शिक्के केले, आणि हे मला परवा एका विशीतल्या पोरीनं सांगितलं.

लिहिता लिहिता माझा पहिला ठसा आठवला. चौऱ्याण्णव साल. अब्बांचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. दुकानातल्या खाटेवर पडून असायचे. मी सत्तावीस वर्षांचा घोडा, पण तोवर माझं काम लाकूड घासायचं, तेल पाजायचं. कोरणं अब्बांचं. त्याच आठवड्यात एक धनगर आला, दादाभाऊ नावाचा. दोघा भावांची वाटणी झाली होती. त्यांच्यात रीत अशी की घराण्याची खूण थोरल्याकडे राहते. धाकट्यानं तीच खूण घ्यायची, पण तिच्या पोटात एक टिंब वाढवायचं. मेंढरं कातरली की तेलात कालवलेल्या गेरूत ठसा बुडवून पाठीवर मारायचा, म्हणजे रानात दोन कळप मिसळले तरी भांडण नको. त्यांची खूण होती आकडी. झाडाचा पाला ओढायची वाकड्या टोकाची काठी असते ना, ती.

त्यानं भावाचा ठसाच नमुना म्हणून आणला होता. तो ठसा अब्बांच्याच हातचा, शिसवीचा. मी तो पुढ्यात ठेवला आणि रीतीप्रमाणे उलटं कोरलं. दोन दिवस मान वर केली नाही. दादाभाऊ न्यायला आला तेव्हा त्याच्यासमोर कागदावर छाप घेतली आणि नमुन्याशेजारी धरली. हुबेहूब! शिवाय पोटात टिंब. एक रेघ इकडची तिकडे नाही.

ठसा आधी अब्बांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग दादाभाऊकडे बघितलं, डाव्या हातानं आपला मेलेला उजवा हात उचलला आणि दोन्ही हात जोडले. अब्बांनी गिऱ्हाईकापुढे हात जोडलेले मी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले. पोराचं पहिलं काम पार पडलं, त्याचा आनंद. दादाभाऊही हात जोडून निघून गेला. त्या दिवशी मी घरी चालत गेलो की उडत गेलो, आठवत नाही.

पुढे वर्षभरानं त्याचा थोरला भाऊ दुकानात आला होता. म्हणाला, "धाकल्याच्या ठशात तुमच्या हातनं काय चूक झाली का?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पावणं, या दुकानात चूक होत नाही. गिऱ्हाईकानं जे आणलं ते हुबेहूब करून दिलं." तो मान हलवून गेला. अब्बा तोवर गेले होते. असते तर खूश झाले असते.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत म्हणून प्रांजल आज तिळगूळ घेऊन आली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. शिसवीचा ठसा, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. अब्बांचा हात मी अंधारातही ओळखीन. वळणावर रेघ जाड होत जाते आणि टोकाला बारीक. आकडी!

"हा तुझ्याकडे कसा?"

"माझ्या आजोबांचा आहे, चाचा. म्हस्कू आजोबांचा. आमच्या घराण्याची खूण."

म्हणजे तेव्हा दुकानात विचारायला आलेला थोरला भाऊ तो हिचा आजोबा. जग केवढंसं आहे. मी तिला म्हटलं, तुझ्या चुलत आजोबाचा ठसा माझ्या हातचा बरं का, माझं पहिलं काम. तर तिचं तोंड उतरलं.

"त्यांचं नाव आमच्या घरात घेत नाहीत."

मग तिनं सांगितलं. वाटणी झाली, त्याच वर्षी दादाभाऊच्या मेंढरांवर खूण दिसली ती उलटी. घराण्याच्या आकडीचं वळण उजवीकडे, त्याच्या आकडीचं डावीकडे. पुढच्या पावसाळ्यात म्हस्कूबाबाची साठ मेंढरं रोग येऊन मेली. देवऋषी म्हणाला, घरची खूण कुणीतरी उलटी फिरवली आहे, ही करणी आहे. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही. तीस वर्षं. आई वारली तेव्हा एकानं तिरडीचं पुढचं टोक धरलं, दुसऱ्यानं मागचं, पण एक शब्द बोलले नाहीत. दादाभाऊ येडगावला धरणाकडेला राहतो, म्हस्कूबाबा कळंबला. मोटारसायकलवर निघालं तर चहा निवायच्या आत पोचेल माणूस.

"आजोबा कुणाला दिसू देत नाहीत, पण दर वर्षी कातरणीच्या दिवशी ओसरीत बसून रडतात," प्रांजल म्हणाली. "ऐंशी वर्षांचे आहेत, चाचा. करणीसाठी काय काय शब्द आहेत तेही लिहाल का?"

लिहितो म्हटलं. वाईट वाटलं. दादाभाऊ तसा माणूस वाटला नव्हता. पण माणसाच्या पोटात काय असतं, सांगता येत नाही.

छाप घेण्यासाठी ठसा माझ्याकडे ठेवून गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

तिच्यासाठी लिहिलं. तावीज. त्याचा ताईत झाला. मूळ अरबी, अर्थ आसरा मागणं. म्हणजे दंडावर बांधतो ती डबी नव्हे, तर डबी बांधताना आपण जे मागतो ते. यंत्र संस्कृत, आवरून धरणारं. भुर्जपत्रावर चौकटी काढून त्यात आकडे भरतात तेही यंत्रच आणि पारगावच्या कारखान्यात ऊस चिरडतं तेही यंत्रच. तिलिस्म, म्हणजे जादू, हा शब्द तर ग्रीकांकडून अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे. खूण कुठून आली, मला कुठेच सापडलं नाही. राहू दे. सगळ्याच गोष्टींचा माग लागायला हवा असं थोडंच आहे.

उलट्या खुणेची भीती जुनी आहे. अब्बा उलटं कोरायचे म्हणून लहानपणी गल्लीतली पोरं मला चिडवायची, याचा बाप उलटं लिहितो, याचा बाप जादू करतो. मी मारामाऱ्या केल्यात त्यावरून. अब्बा हसायचे. म्हणायचे, "बेटा, आपण उलटं लिहितो म्हणून जगाला सरळ वाचता येतं."

आज दिवसभर अब्बांची आठवण. त्यांच्या अंगाला लाकडाच्या भुश्शाचा वास यायचा, ईदच्या नव्या कपड्यांतूनसुद्धा. दुकानाच्या दारात तो भुसा पडलेला असायचा आणि चिमण्या त्यात लोळायच्या. आता चिमण्या येत नाहीत. रबराच्या वासाला कोण येणार.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्मा पढून आलो आणि म्हस्कूबाबाच्या ठशाची छाप घेतली.

या अल्लाह.

पेन हातात धरवत नाही. पण लिहितो. वही माझीच आहे.

ठशाच्या अंगावर आकडीचं वळण डावीकडे. कागदावर उजवीकडे. बरोबरच आहे. ठसा असतोच उलटा. हे लहान पोरालाही कळतं. मग मी चौऱ्याण्णव साली काय केलं? दादाभाऊनं छाप आणली नव्हती, ठसा आणला होता. उलटं तर आधीच झालेलं होतं. मी ठशाचं अंग बघितलं आणि हाताला सवय म्हणून त्याचं पुन्हा उलटं कोरलं. उलट्याचं उलट. वर माझी छाप अब्बांच्या ठशाशेजारी धरून म्हणालो, हुबेहूब! छाप छापेशी ताडायची असते, गाढवा, ठशाशी नव्हे.

दादाभाऊनं काही उलटवलं नाही. मी उलटवलं.

अब्बांचा नियमच होता. कुणी नमुना म्हणून ठसा आणला तर आधी त्याची छाप घ्यायची, आणि पुढचं काम छाप बघून. मला हे माहीत होतं. घाई केली. आणि आत्ता आठवतंय, दादाभाऊ गेल्यानंतर अब्बा जेवढे दिवस जगले, मी कुठलाही नमुना हातात घेतला की डाव्या हाताच्या बोटानं कोऱ्या कागदावर टकटक करायचे. मला वाटायचं, आजारी माणसाचा चाळा.

२३ जानेवारी, गुरुवार

सहा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं?

स्वतःला खूप समजावलं. चूक माझी, कबूल. पण करणीवर विश्वास ठेवा असं मी सांगितलं होतं का? मेंढरं मी मारली का? देवऋषी माझा मेव्हणा लागतो का? आणि एकतीस वर्षं झाली. आता सांगून कुणाचं भलं होणार? शेवटचा कारागीर म्हणून प्रांजलच्या चाळीस पानांत माझं नाव येणार, आणि त्याच पानांत लिहायचं, की याचं पहिलंच काम उलटं?

रात्रीचं जेवण जाईना म्हणून बायकोनं, अनिसानं, विचारलं. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ द्या, होतं असं. तिनं ताट बाजूला सारलं.

"त्याचा थोरला भाऊ विचारायला आला होता ना दुकानात? तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

जे बोललो होतो ते सांगितलं.

"चूक हातानं झाली, ती माफ आहे," अनिसा म्हणाली. "पण तोंडानं केलीत तिचं काय?"

पस्तीस वर्षं संसार केला या बाईबरोबर, आणि नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवायची हिची खोड गेली नाही.

२६ जानेवारी, रविवार

कळंबला गेलो. एसटीतून उतरल्यावर परत फिरावं असं तीनदा वाटलं. प्रांजल रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती म्हणून सुटका नव्हती. तिला फोनवर एवढंच म्हटलं होतं की ठसा द्यायला येतो.

घर चांगलं बांधलेलं, पुढे द्राक्षाचा मांडव, मागे वाड्यात एकोणीस मेंढरं. म्हस्कूबाबा पत्र्याखाली खाटेवर बसले होते. अंगात पांढरी बंडी, खांद्यावर घोंगडी, नजर अजून शाबूत.

"या वलीभाई. लई दिसांनी. तुमचं वडील लई मोठं कारागीर व्हतं."

चहा आला. तो घेतला असता तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून कप तसाच ठेवला. कागद काढला, शाईची गादी काढली. त्यांच्या ठशाची छाप घेऊन दाखवली. मग ठसा उलथा करून दाखवला.

"बाबा, हे वळण बघा. लाकडावर डावीकडं, कागदावर उजवीकडं. दादाभाऊंनी मला लाकूड दाखवलं, कागद नाही. मी लाकूड बघून पुन्हा उलटं केलं. त्यांनी काही केलं नाही. त्यांना मी काय करतोय हे कळलंसुद्धा नसेल. करणी नव्हती ती. मी चुकलो होतो. आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा बघायचीसुद्धा तसदी न घेता, ताठ्यानं सांगितलं की आमच्या दुकानात चूक होत नाही."

म्हस्कूबाबा ठसा हातात घेऊन बघू लागले, उलथा-सुलथा करत. प्रांजल दारात उभी होती, तिनं तोंडावर हात धरला होता.

"म्या तुझ्या शबुदावर गेलो," ते शेवटी म्हणाले. मघाचं 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं होतं. "माझा सख्खा भाऊ सांगत व्हता, दादा, म्या काय केलं न्हाई. त्याचं न्हाई ऐकलं. म्हणलं, शिक्केवाल्याला इचारू. शिक्केवाला कशाला खोटं बोलंल?"

मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

"आय मेली तवा तो माझ्या मागं चालत व्हता. त्याचा हुंदका आयकू येत व्हता मला. म्या वळून बगितलं न्हाई." त्यांनी ठसा घोंगडीत ठेवला. "जा तू आता."

आलो. प्रांजल एसटीपर्यंत आली. गाडी सुटताना फक्त म्हणाली, "चाचा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." तिच्या डोळ्याला पाणी होतं. माझ्याही होतं.

३० जानेवारी, गुरुवार

मी गेल्या तीन दिवसांत एक ठसा कोरला. शिसवीचा तुकडा अब्बांच्या पेटीतला. आधी म्हस्कूबाबाच्या ठशाची जी छाप कागदावर घेतली होती ती समोर ठेवली, मग कोरायला बसलो. बोटं जड झाली आहेत, दोनदा हत्यार निसटलं. पण वळण जमलं. पोटात टिंब. छाप घेतली, छापेशी ताडली. सरळ.

द्यायचा कुणाला, ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी प्रांजलचा फोन आला. रविवारी येडगावला दादाभाऊच्या मेंढरांची कातरणी आहे. आजोबा जाणार आहेत.

"आणि चाचा, ते म्हणालेत, त्या शिक्केवाल्याला म्हणावं तू पन चल. जे माझ्याम्होरं बोललास ते त्याच्याम्होरं बोल."

२ फेब्रुवारी, रविवार

जमेल तसं सगळं लिहून ठेवतो. आजचा दिवस विसरायचा नाही.

जीपमध्ये म्हस्कूबाबा पुढे बसले होते, मी आणि प्रांजल मागे. नवं धोतर, नवी टोपी. धरणाचं पाणी दिसायला लागलं तसा त्यांनी खिडकीचा दांडा घट्ट धरला.

बिबट्याच्या भीतीनं दादाभाऊच्या वाड्याला उंच जाळी मारलेली आहे. आत शंभरेक मेंढरं, कातरणारे चार गडी, लोकरीचा ढीग. दादाभाऊ पाय पसरून बसला होता, मांडीशी गेरूची परात. चौऱ्याहत्तरीचा झालाय, पण ओळखलं मी. त्यानं जाळीबाहेर थोरल्या भावाला बघितलं आणि हातातला ठसा परातीतच राहिला.

कातरणाऱ्यांच्या कात्र्या थांबल्या. शेवटी दादाभाऊचा मुलगा सूरज पुढे झाला, जाळीचं दार उघडून म्हणाला, "या, तात्या." म्हस्कूबाबा आत गेले आणि भावापासून दोन हातांवर जमिनीवर बसले. मला म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. दादाभाऊ मान खाली घालून ऐकत होता. सांगून झाल्यावर मी नवा ठसा त्याच्यापुढे ठेवला. "दादाभाऊ, हा सरळ आहे. एकतीस वर्षं उशीर झाला. माझ्यामुळं तुमचा भाऊ तुटला. तुम्हाला माहीतसुद्धा नव्हतं की तुमच्या हातात काय दिलं मी."

"मला म्हाईत व्हतं," दादाभाऊ म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"दुकानातच कळलं. तू कागूद धरलास तवाच दिसलं मला, वळान डावीकडं गेलंय. म्या बोलणार, तेवढ्यात तुझा अब्बा माझ्याकडं बघाय लागला. त्यालाबी दिसलं व्हतं. त्याला तर माझ्याआधी दिसलं असंल." त्यानं आपला डावा हात पुढे केला, उजवा मनगटाशी धरला, उचलला, आणि छातीपाशी दोन्ही हात जोडले. अगदी तसेच. "असं केलं त्यानं. मेलेला हात उचलून. तू आपल्या खुशीत व्हतास. त्याच्या डोळ्यातनं पानी चाललं व्हतं. म्या काय समजायचं ते समजलो. पोराचं पयलं काम हाय, आता ह्या दुकानात दुसरा हात न्हाई, त्याला मोडू नका."

मला वाटायचं तो आनंद होता. एकतीस वर्षं मी तो आनंद म्हणून जपून ठेवला होता.

"म्या बी हात जोडलं," दादाभाऊ म्हणाला. "म्हंजी शबूद दिला. म्हणलं, मेंढरावर खूण कुठलीबी चालती, आपल्याला वळखू आली म्हंजी झालं. म्होरं आसं व्हईल कुनाला ठावं व्हतं?"

"मंग मला तरी सांगायचं व्हतंस!" म्हस्कूबाबा ओरडलेच. इतक्या जोरात की मेंढरं बुजली. "भाऊ व्हतो न्हवं मी तुझा? कानात सांगायचं व्हतंस!"

"म्या म्हणलं न्हवं, म्या काय केलं न्हाई. भावाला तेवढं पुरं व्हतं." दादाभाऊचा आवाज चढला नाही. "तू गेलास ह्याला इचारायला."

म्हस्कूबाबा रडायला लागले. ऐंशी वर्षांचा माणूस, सगळ्या गड्यांसमोर, लोकरीच्या ढिगाशेजारी, लहान पोरासारखा. प्रांजल पुढे होणार होती, मी तिला हातानं थांबवलं. दादाभाऊ बसल्या जागी सरकत सरकत भावापर्यंत गेला. मिठी वगैरे काही मारली नाही. खांद्याला खांदा लावून बसला फक्त.

बऱ्याच वेळानं म्हस्कूबाबांनी घोंगडीनं तोंड पुसलं. मी ठेवलेला नवा ठसा उचलून बघितला, चांगला झालाय म्हणाले, आणि मला परत दिला. मग परातीत हात घालून जुना काढला. माझा. उलटा.

"वरली बाजू कंची रं ह्याची?"

"मुठीवर खाच हाय बग," दादाभाऊ म्हणाला.

सूरजनं एक कातरलेलं मेंढरू धरून आणलं. म्हस्कूबाबांनी ठसा गेरूत बुडवला आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर दाबून धरला. थोरल्या भावानं धाकट्याच्या मेंढरावर मारलेली उलटी आकडी. मग दुसरं मेंढरू. मग तिसरं. दुपारपर्यंत निम्म्या कळपावर त्यांनीच ठसा मारला, कुणाला हात लावू दिला नाही. मध्येच मला म्हणाले, "बसलायस काय वलीभाई, गेरू कालव की. आटाय लागलाय." मी बाह्या सारल्या आणि कालवत बसलो. कळंबला गेलेलं ते 'वलीभाई' पुन्हा आलं होतं, तेवढ्यानं मला हुंदका फुटला.

निघताना दादाभाऊला बाजूला घेऊन म्हटलं, एका मुक्या माणसाला दिलेला शब्द, तोही परक्याला. आणि त्यापायी सख्खा भाऊ.

तो म्हणाला, "परका कसा? त्याच्या हातची आकडी आमच्या मेंढरांवर माझ्या बापापासनं हाय."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रांजल आली होती. तिनं उजव्या पानांचे फोटो काढून नेले. म्हस्कूबाबांची एकोणीस मेंढरं परवापासून येडगावच्या वाड्यात आहेत. घरचे विकायचं म्हणत होते, तेव्हा म्हातारा सरळ उठून ती घेऊन गेला, आणि स्वतःही तिकडेच राहिलाय, परत यायचं नाव काढत नाही. तिनं विचारलं, "चाचा, हे सगळं मी माझ्या पानांत लिहू का? तुमचं नाव..." मी म्हटलं, लिही. चूक नावासकट लिही.

जुम्म्याच्या नमाजानंतर कब्रस्तानात गेलो. काल शब-ए-बरात झाली, त्यामुळे साफसफाई केलेली होती, ताजी फुलं होती. अब्बांच्या कबरीजवळ बसलो. फातेहा पढलो. माझ्या बापानं माझ्यासाठी एका मेंढपाळापुढे हात जोडले, आणि मी ते जन्मभर शाबासकी समजून मिरवले. माझ्या ताठ्याची लाज वाटते. पण अब्बा, त्या जोडलेल्या हातांवर मी एकतीस वर्षं दुकान चालवलं, हेही खरं.

खिशातून नवा ठसा काढला. तो आता कुणाला नकोय. दादाभाऊची मेंढरं उलट्या आकडीचीच राहणार. माझ्याजवळच ठेवीन. शाईची छोटी गादी नेली होती. कोरा कागद कबरीच्या दगडावर पसरला, आणि पसरल्यावर आपसूक माझंच बोट त्यावर दोनदा टकटकलं. मग छाप घेतली. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून धरून बसलो.

"अब्बा, बघा," म्हटलं. "या वेळी आधी छाप घेतली होती. सरळ आलीय."